ओव्हरहॉलनंतर ऑइल खाणारे इंजिन : न बसलेल्या रिंगांचे प्रकरण

विमान पायपर वॉरिअर टू, म्हणजे पीए-२८-१६१. इंजिन लायकमिंग ओ-३२०-डी३जी : समोरासमोर चार सिलिंडर, हवेने थंड होणारे, २,७०० आरपीएमला १६० अश्वशक्ती, पुढे फिक्स्ड पिच, म्हणजे पात्यांचा कोन न बदलणारा, प्रोपेलर. पूर्ण ओव्हरहॉल होऊन इंजिन परत बसले. क्रँकशाफ्ट मापात, बेअरिंगे नवी, सिलिंडर नायट्रायडिंग केलेल्या (पृष्ठभाग कडक केलेल्या) पोलादाचे, दुरुस्त करून होन केलेले (आतून दगडाने बारीक घासलेले), पिस्टन आणि त्यांवरच्या, भिंतीला टेकून गॅस आणि ऑइल अडवणाऱ्या रिंगा नव्या. कागदपत्रांत खोट काढायला जागा नव्हती. तरीही २२ तास उडाल्यावर ऑइल दर अडीच तासांना एक क्वार्ट (जवळपास एक लिटर) जात होते, आणि दहाव्या तासालाही जवळपास तेवढेच जात होते.

असे प्रकरण नव्याने बसवलेल्या इंजिनांत वारंवार दिसते. खालच्या नोंदींतले आकडे अशा इंजिनांवरून नमुन्यादाखल बांधलेले आहेत. मर्यादा, टॉर्क (नट आवळण्याचा जोर) आणि सूत्रे मात्र लायकमिंगची आहेत. प्रत्यक्ष काम करताना त्या इंजिनाचे मॅन्युअल आणि चालू सर्व्हिस इन्स्ट्रक्शन समोर हवेच.

मर्यादेच्या आत, तरीही बिघडलेले

लायकमिंगचे कमाल ऑइल खपाचे सूत्र साधे आहे : ०.००६ गुणिले अश्वशक्ती गुणिले ४, भागिले ७.४. उत्तर क्वार्ट प्रति तास. १६० अश्वशक्तीसाठी ते ०.५२ येते, म्हणजे साधारण दोन तासांना एक क्वार्ट. आपले इंजिन अडीच तासांना एक क्वार्ट खात होते, म्हणजे ०.४ क्वार्ट प्रति तास. मर्यादेच्या आत. या एका आकड्यावर बोट ठेवून मालकाला सांगितले गेले की नवे इंजिन आहे, पन्नास तास होऊ द्या, बसेल.

हा सल्ला इथे घातक होता. मर्यादेचा आकडा सांगतो की इंजिन उडवायला धोकादायक आहे का. रिंगा बसताहेत का, म्हणजे घासून भिंतीच्या आकाराशी जुळताहेत का, हे तो सांगत नाही. ते कळते उतारावरून. रिंगा नीट बसत असतील तर खप पहिल्या काही तासांत जास्त असतो, मग झपाट्याने खाली येतो आणि एका ठिकाणी थांबतो. नायट्राइड सिलिंडरमध्ये हा उतार बहुधा पहिल्या दहा-पंधरा तासांतच ठळक दिसतो. इथे पाचव्या, दहाव्या, बाविसाव्या तासाच्या नोंदी एका आडव्या रेषेत होत्या. आडवी रेषा मर्यादेच्या आत असली तरी ती न बसलेल्या रिंगांची रेषा आहे, आणि पुढचे तीस तास वाट पाहून ती वाकत नाही.

तपासाआधी मोजमाप सुधारले

कोणताही सिलिंडर उघडण्याआधी ऑइलची पातळी दाखवणाऱ्या डिपस्टिकवर संशय घ्यावा लागतो. या इंजिनाच्या सम्पमध्ये, म्हणजे तळाच्या ऑइलच्या टाकीत, ८ क्वार्ट मावतात आणि प्रत्येक उड्डाणाआधी ते काठोकाठ भरले जात होते. सपाट चार सिलिंडरांच्या लायकमिंगमध्ये वरचा क्वार्ट-दीड क्वार्ट ब्रीदरमधून (क्रँककेसमधली हवा सोडणाऱ्या नळीतून) बाहेर फेकला जाणे नेहमीचे आहे. विमानाच्या पोटावर ऑइलचा पट्टा दिसतो आणि मालक पुन्हा भरतो. म्हणून पातळी ६ क्वार्टवर आणून तिथेच ठेवली. वाचन एकाच सपाट जागेवर, इंजिन बंद करून किमान दहा-पंधरा मिनिटांनी, एकाच माणसाने. वर टाकलेले ऑइल अंदाजाने न लिहिता बाटलीवरच्या खुणेवरून लिहिले.

तेवढ्याने खप दोन तासांवरून अडीच तासांवर आला होता. वर दिलेला आकडा हा सुधारलेला आहे. मग गळती पाहिली. काऊलिंग (इंजिनावरचे आवरण) काढून इंजिन धुतले, थोडे चालवले, पुन्हा पाहिले. पुशरॉड नळ्यांची सीलं, रॉकर कव्हरची गॅस्केटं, व्हॅक्यूम पंपाचे पॅड, क्रँकशाफ्टचे पुढचे सील, सगळे कोरडे. ऑइल बाहेर पडत नव्हते, जळत होते.

कॉम्प्रेशनने फसवले

इंजिन गरम असताना डिफरेन्शियल कॉम्प्रेशन घेतले. ८० पीएसआयच्या पुरवठ्यावर सिलिंडर क्रमांक एक ते चारची वाचने अनुक्रमे ७६, ७७, ७५, ७६. उत्तम. याच कागदावर अनेक तपास संपतात, आणि तिथेच चूक होते.

या चाचणीत पिस्टन वरच्या टोकाला स्थिर असतो आणि हवेची गळती मोजली जाते. भिंतीवर ऑइलचा जाड थर असेल तर तोच गळती बुजवतो. म्हणजे ज्या कारणाने इंजिन ऑइल खाते, त्याच कारणाने कॉम्प्रेशन चांगले दिसते. चाचणी निरुपयोगी नाही. एक्झॉस्टमधून हवा ऐकू आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कार्ब्युरेटरमधून आली तर इनटेक व्हॉल्व्ह, ऑइल फिलरमधून आली तर रिंगा, हे ती नेमके सांगते. या इंजिनात तिने इतके पक्के केले की व्हॉल्व्ह ठीक आहेत आणि कोणती रिंग तुटलेली नाही. ऑइल रोखणाऱ्या रिंगेबद्दल ती मुकीच असते.

खरा पुरावा प्लगांनी आणि सिलिंडरच्या आत पाहणाऱ्या बोअरस्कोपने दिला. खालचे चारही प्लग ओले, काळ्या ऑइलने माखलेले; वरचे त्या मानाने कोरडे. पिस्टनच्या माथ्यावर मध्यभागी काजळी आणि कडेने धातू धुऊन निघाल्यासारखा स्वच्छ. कडेची ही स्वच्छ पट्टी म्हणजे रिंगांवरून वर आलेले ऑइल. इनटेक व्हॉल्व्हची दांडी धरणारे गाईड सैल असते तर इनटेक पोर्ट आणि व्हॉल्व्हची दांडी ओली दिसली असती. ती कोरडी होती. आणि भिंतीवर होनिंगच्या एकमेकांना छेदणाऱ्या बारीक रेघा स्पष्ट दिसायला हव्या होत्या, तिथे मधाच्या रंगाची चकाकी. रेघा खाली होत्या, पण त्यांवर काहीतरी ओतून गोठवल्यासारखा थर. तिसऱ्या आणि चौथ्या सिलिंडरमध्ये, म्हणजे मागच्या दोघांत, जास्त. पुढच्या दोघांत कमी, पण होताच.

हा थर कसा बनतो

नव्याने होन केलेला बोअर, म्हणजे सिलिंडरची आतली भिंत, मुद्दाम खडबडीत ठेवलेला असतो. त्या खाचांत ऑइल धरून राहते, आणि खाचांची टोके नव्या रिंगेच्या पृष्ठभागाला घासून दोघांना एकमेकांच्या आकारात आणतात. हे घासणे घडायला रिंग भिंतीवर जोराने दाबली जावी लागते. रिंगेचा स्वतःचा ताण त्यासाठी फार थोडा आहे. खरा दाब ज्वलनाच्या गॅसचा : तो रिंगेच्या वरून खाचेत शिरतो, रिंगेच्या पाठीमागे जातो आणि तिला बाहेर ढकलतो. जास्त पॉवर म्हणजे सिलिंडरमध्ये जास्त दाब, म्हणजे रिंग ऑइलचा थर फोडून धातूपर्यंत पोहोचते.

पॉवर कमी असेल तर रिंग ऑइलवर तरंगत राहते. भिंतीवर जाड थर उरतो, प्रत्येक ज्वलनात तो भाजतो आणि हळूहळू त्याचे कडक वार्निश होते. खाचा बुजतात. एकदा हे झाले की नंतर कितीही पॉवर दिली तरी रिंगेला घासायला काही उरत नाही. यालाच ग्लेझिंग म्हणतात.

यात आणखी एक गोष्ट आहे. या सिलिंडरांचा बोअर थंड असताना वरच्या टोकाला किंचित अरुंद ठेवलेला असतो, कारण ज्वलनाजवळचा भाग जास्त तापून जास्त फुगतो आणि चालू तापमानाला बोअर सरळ होतो. जमिनीवर, अर्धवट तापलेल्या इंजिनात हा आकार अजून सरळ झालेलाच नसतो. नवी रिंग चुकीच्या आकाराशी जुळवून घेऊ लागते. शिवाय जमिनीवर थंड करणारी हवाही पुरेशी नसते, म्हणून काही जागा नको तितक्या गरम होतात. जमिनीवर लांबवर चालवणे दोन्ही बाजूंनी वाईट.

लॉगमधून काय निघाले

ग्लेझिंग दिसल्यावर पहिल्या बावीस तासांचा हिशेब उलगडला. कारण एक नव्हते. चार साधी कारणे एकावर एक बसली होती.

पहिले, इंजिन बसवल्यावर जमिनीवर ते एकूण दोन तासांहून जास्त चालले. आधी अल्टरनेटर चार्ज करत नव्हता, मग मॅग्नेटोचे टायमिंग पुन्हा पाहिले, मग प्रोपेलरचे डायनॅमिक बॅलन्सिंग त्याच आठवड्यात उरकायचे ठरले. बॅलन्सिंगला पाच-सहा वेळा चालवावे लागते. हे काम वीस-पंचवीस तास थांबू शकले असते.

दुसरे, पहिली उड्डाणे धावपट्टीभोवती झाली. नवे इंजिन, काही झाले तर लगेच उतरता यावे, हा विचार समजण्यासारखा आहे. पण सर्किट म्हणजे एक मिनिट पूर्ण पॉवर, तीन-चार मिनिटे मध्यम, मग थ्रॉटल जवळपास बंद करून उतरणे. थ्रॉटल बंद, वेग जास्त, प्रोपेलर इंजिनाला फिरवतो आहे, अशा वेळी रिंगेच्या मागचा दाब जातो आणि ती खाचेत फडफडते. विमानतळ नजरेआड न करता वरच गोल घिरट्या घालत ७५ टक्के पॉवर ठेवता येते. सर्किट करायची गरज नसते.

तिसरे, त्यानंतरची लांब उड्डाणे ७,५०० फुटांवर. बाहेरचे तापमान तिथे १८° से. होते. त्या उंचीवर प्रमाण तापमान जवळपास शून्य असते. दर जादा अंशाला सुमारे १२० फूट धरले तर डेन्सिटी अल्टिट्यूड, म्हणजे हवेच्या विरळपणावरून मोजलेली उंची, साडेनऊ हजारांच्या पुढे जाते. टर्बो नसलेल्या इंजिनाला तिथे पूर्ण थ्रॉटल देऊनही ७५ टक्के पॉवर मिळत नाही. लायकमिंग ब्रेक-इनसाठी (नव्या रिंगा बसवण्याच्या सुरुवातीच्या तासांसाठी) डेन्सिटी अल्टिट्यूड ५,००० फुटांपर्यंत ठेवायला सांगते आणि ८,००० च्या वर नकोच म्हणते, ते यासाठी.

चौथे कारण सगळ्यांत शिकवणारे. पायलट २,३५० आरपीएम ठेवत होता, आणि आरपीएम दाखवणारा टॅको खरे सांगत नव्हता. ऑप्टिकल टॅकोमीटरने पडताळल्यावर पॅनेलवरचा जुना यांत्रिक टॅको १०० आरपीएम जास्त दाखवत असल्याचे निघाले. फिक्स्ड पिच प्रोपेलरने घेतलेली पॉवर आरपीएमच्या घनाप्रमाणे बदलते. २,५०० च्या जागी खरे २,४०० असतील तर पॉवर सुमारे साडेअकरा टक्क्यांनी कमी होते. ७५ टक्के समजून उडवणारा प्रत्यक्षात ६६ टक्क्यांवर असतो. आणि इथे तर काट्यावरच २,३५० होते, म्हणजे खरे २,२५०. ओव्हरहॉलमध्ये हजार गोष्टी मोजल्या जातात, टॅको मात्र जुनाच परत बसतो. इंजिन बसवल्यावर त्याची पडताळणी करणे दहा मिनिटांचे काम आहे.

या चारही गोष्टींच्या मुळाशी एकच समजूत दिसते : नवे इंजिन जपून, हळू चालवायचे. ती गाड्यांच्या जुन्या रनिंग-इनमधून आली आहे. विमानाच्या हवाथंड इंजिनाला ती लागू नाही.

ऑइलचा दोष होता का? नव्हता. सुरुवातीपासून एसएई ५० चे साधे मिनरल ऑइल होते, एअरोशेल १०० जातीचे. टर्बो नसलेल्या लायकमिंगसाठी पहिले ५० तास किंवा खप स्थिर होईपर्यंत तेच योग्य. (टर्बोचार्ज केलेल्या लायकमिंगला सुरुवातीपासून अॅशलेस डिस्पर्संट (राख न सोडणारे, गाळ तरंगत ठेवणारे) ऑइल लागते, हा फरक विसरू नये.) ब्रेक-इनमध्ये ऑइलच्या डब्यावर जितका वाद होतो तितका थ्रॉटलवर झाला तर अशी प्रकरणे निम्म्याने कमी होतील, असे आमचे स्पष्ट मत आहे.

रिंगा आणि सिलिंडरची जोडी मात्र तपासलीच. नायट्राइड बोअरला क्रोम लावलेल्या रिंगा चालतात. क्रोम बोअरला साध्या कास्ट आयर्नच्या रिंगा लागतात. क्रोमवर क्रोम कधीच बसत नाही, आणि ती चूक झाली असेल तर ब्रेक-इनची पद्धत कितीही काटेकोर असो, खप उतरत नाही. लायकमिंगच्या रंगखुणेत निळा नायट्राइडसाठी आणि नारिंगी क्रोमसाठी असतो, पण रंगावर विसंबू नये, कारण दुरुस्तीनंतर सिलिंडर पुन्हा रंगवले जातात. पार्ट नंबर जुळवून पाहिले. जोडी बरोबर होती.

आधी हवेत एक प्रयत्न

सिलिंडर काढण्याआधी एकदा जोराचे उड्डाण करून पाहणे योग्य असते. ग्लेझिंग अर्धवट असेल तर कधी कधी रिंगा वळणावर येतात. टॅकोची चूक लक्षात घेऊन, २,००० फुटांवर, मिक्स्चर पूर्ण रिच (हवेच्या मानाने इंधन जास्त), दोन तास ७५ टक्के आणि अधूनमधून त्याहून वर, सिलिंडर हेडचे तापमान सांभाळत. ऑइलचा खप जराही हलला नाही. दुसरे तसेच उड्डाण करायचा मोह होता; तो टाळला. दोन-तीन तासांत फरक नाही तर दहा तासांतही नाही.

कार्ब्युरेटरच्या तोंडातून घासण्याची पावडर सोडून बोअर खरवडायचा एक जुना उपाय अजून कुठे कुठे ऐकू येतो. ती पावडर ऑइलमध्ये उतरते आणि बेअरिंगांत रुतते. रिंगांसाठी क्रँकशाफ्ट पणाला लावण्यासारखे आहे ते.

सिलिंडर काढताना

चारही सिलिंडर काढायचे ठरले. हे काम दिसते त्याहून गंभीर आहे. सिलिंडरचे काही बोल्ट क्रँककेसच्या आरपार जातात आणि त्यांचाच ताण मेन बेअरिंगे जागेवर धरून ठेवतो. सिलिंडर काढले, बोल्ट मोकळे राहिले आणि कोणी क्रँकशाफ्ट फिरवला तर बेअरिंगचा शेल सरकू शकतो. पुढे ऑइलचे भोक झाकले गेले तर इंजिन हवेत जाम होते. म्हणून एका वेळी एक सिलिंडर काढणे, किंवा सगळे काढायचे तर रिकाम्या पॅडवर टॉर्क प्लेट लावून आरपार बोल्ट ताणलेले ठेवणे, याला पर्याय नाही. इथे एकेक करून काम केले. वेळ जास्त लागला, जोखीम कमी झाली.

प्रत्येक बोअर आधी मापला : वर, मध्ये, खाली, आणि काटकोनात दोनदा. सगळे मर्यादेत. मग हलके होनिंग, फक्त वार्निश निघून रेघा पुन्हा एकसारख्या दिसेपर्यंत. नायट्राइडचा कडक थर पातळ असतो. तो खाऊन टाकायचा नसतो. क्रोमचा बोअर असता तर तो असा होन करताच आला नसता, पुन्हा प्लेटिंगला पाठवावा लागला असता.

होनिंगनंतरची धुलाई ही या कामातली सर्वांत दुर्लक्षित पायरी. सॉल्व्हंटने बोअर स्वच्छ दिसतो, पण दगडाची भुकटी खाचांतच राहते. गरम पाणी, साबण आणि ताठ ब्रश. मग पांढरे कापड ऑइलमध्ये बुडवून पुसायचे आणि ते पांढरेच निघेपर्यंत पुन्हा धुवायचे. वाळल्या क्षणी ऑइलचा हात, नाहीतर उघडे पोलाद बघता बघता गंजते.

रिंगा सगळ्या नव्या घातल्या. बावीसच तास चाललेल्या होत्या, मग त्याच का नकोत, असा प्रश्न मालकाने विचारला. उत्तर असे की त्या रिंगांचा पृष्ठभाग चकचकीत भिंतीशी जुळला आहे. नव्या खडबडीत भिंतीवर त्या पुन्हा नीट बसतील याची खात्री देता येत नाही, आणि रिंगांची बचत करून पुन्हा चार सिलिंडर काढायची तयारी कोणाची नसते. प्रत्येक रिंग तिच्याच बोअरमध्ये चौकोनी बसवून टोकांमधली फट फीलर गेजने मोजली. ‘टॉप’ अशी खूण असलेली बाजू पिस्टनच्या माथ्याकडे. टोकांच्या फटी एका रेषेत येऊ दिल्या नाहीत. बसवताना रिंगांना आणि भिंतीला इंजिनात पडणार तेच मिनरल ऑइल, तेही बेताने. मॉलिब्डेनमयुक्त असेंब्ली ग्रीस कॅमला ठीक. रिंगांना लावले तर ते घासणेच थांबवते, जे आपल्याला हवे आहे.

सिलिंडर बसवताना तळाच्या फ्लँजवर रंग किंवा सीलंट नको. तिथला जाड रंग पुढे दबतो आणि टॉर्क सैल पडतो. नटांचे आटे वंगण लावून, अर्ध्या इंचाचे नट आधी ३०० आणि मग ६०० इंच-पौंड, त्यानंतर तीन-अष्टमांश इंचाचे ३०० इंच-पौंड, मॅन्युअलमधल्या क्रमाने. आरपार बोल्टांना दोन्ही टोकांना टॉर्क. शेवटी प्रत्येक नटावर टॉर्क रेंच सुमारे पाच सेकंद धरून तो हलत नाही हे पाहिले. कोरड्या टॅपेटचे (पुशरॉड उचलणाऱ्या भागाचे) अंतर ०.०२८ ते ०.०८० इंचांत आले. नसते तर पुशरॉड बदलावे लागले असते.

दुसऱ्यांदा सुरू करण्याआधी

तीन गोष्टी आधी उरकल्या. टॅको बदलला. चारही सिलिंडरना सीएचटी (सिलिंडर हेडचे तापमान) आणि ईजीटी (एक्झॉस्ट गॅसचे तापमान) दाखवणारा मॉनिटर बसवला. एकाच सिलिंडरच्या प्रोबवर ब्रेक-इन करणे म्हणजे बाकीच्या तिघांना नशिबावर सोडणे. आणि बॅफल, म्हणजे थंड हवा सिलिंडरांकडे वळवणारे पत्रे, तपासले. मागच्या दोन सिलिंडरांत ग्लेझिंग जास्त होते, त्याचा धागा इथे जुळला : मागच्या कोपऱ्यातले रबरी सील मागे दुमडले गेले होते आणि थंड हवा सिलिंडरमधून न जाता वरूनच निसटत होती. सील दाबाच्या बाजूला वळलेले हवे, म्हणजे हवा त्यांना काऊलिंगवर दाबते. फटी सिलिकॉनने बुजवल्या.

मग प्री-ऑइलिंग. प्रत्येक सिलिंडरचा एक प्लग काढून स्टार्टरने, एका वेळी १० ते १५ सेकंद, मध्ये स्टार्टर थंड होऊ देत, ऑइल प्रेशरचा काटा ठामपणे वर येईपर्यंत. लगेच सुरू करायचे. असे करून इंजिन दिवसभर ठेवले तर पुन्हा करावे लागते.

जमिनीवरचे चालवणे जाणीवपूर्वक तोकडे. नाक वाऱ्याकडे, काऊलिंग बसवलेले. १,००० आरपीएमच्या आसपास ऑइल कोमट होईपर्यंत, मॅग्नेटो तपासणी, बंद. काऊलिंग उघडून गळती पाहिली. इंजिन थंड झाल्यावर दुसऱ्यांदा सुरू, तापवले, काही सेकंद पूर्ण स्टॅटिक (विमान उभे असतानाचे) आरपीएम पाहिले आणि पुन्हा बंद. एवढेच. जे काही ‘जरा चालवून बघूया’ वाटेल ते उड्डाणात बघायचे.

ब्रेक-इनचे उड्डाण

पहिले उड्डाण सकाळी, हवा थंड असताना. टेकऑफ पूर्ण थ्रॉटलने. अर्ध्या थ्रॉटलने हळुवार टेकऑफ करणारे विसरतात की बऱ्याच कार्ब्युरेटरमध्ये पूर्ण थ्रॉटललाच थंडाव्यासाठीचे जादा इंधन मिळते. चढताना नाक खाली : वॉरिअरचा सर्वोत्तम चढाईचा वेग ७९ नॉट आहे, पण इथे ८७ किंवा त्याहून अधिक ठेवला, म्हणजे सिलिंडरवरून हवा जास्त जाते. मग ३,००० फुटांवर सरळ उड्डाण. (त्या दिवशी बाहेर ३०° असते तर तिथेही डेन्सिटी अल्टिट्यूड साडेपाच हजारांवर गेले असते, सकाळ निवडण्याचे तेही कारण.)

पहिला तास ७५ टक्के, मिक्स्चर रिच. दुसरा तास ६५ आणि ७५ टक्क्यांत आलटून पालटून, प्रत्येक बदल सावकाश. सगळे ठीक दिसल्यावर शेवटचा अर्धा तास हँडबुकने परवानगी दिलेल्या कमाल सतत पॉवरवर. आरपीएम किती, हे हँडबुकच्या तक्त्यातून त्या दिवसाच्या उंची-तापमानासाठी काढून कागदावर लिहून नेले. खाली येताना थ्रॉटल थोडा थोडा कमी, इंजिनावर भार राहील असा लांब, उथळ उतार.

तापमानाची कमाल मर्यादा हेडसाठी ५००° फॅ. आहे, पण तिथवर जाणे शहाणपणाचे नाही. जोरकस क्रूझमध्ये ४३५ च्या आत ठेवायला लायकमिंग सांगते. ब्रेक-इनमध्ये ४२०° ला पोहोचला की आधी नाक खाली, वेग वाढवा, मिक्स्चर रिच आहे ना ते बघा. पॉवर कमी करणे शेवटचे. ऑइलचे तापमान २४५° फॅ. च्या आत.

या उड्डाणात तिसरा सिलिंडर चढताना ४१५° ला गेला आणि सरळ उड्डाणातही ३९५° च्या आसपास रेंगाळला. चाळीस मिनिटांनी, थ्रॉटल, मिक्स्चर, वेग काहीही न हलवता, तो ३७०° वर उतरला. बाकीचे तीन त्याआधीच उतरले होते. घर्षण कमी झाले की उष्णता कमी होते. रिंगा बसू लागल्याची ही सर्वांत लवकर मिळणारी खूण, आणि ती चार प्रोबशिवाय दिसत नाही.

पुढचे तास

उतरल्यावर काऊलिंग काढून गळती, नट, एक्झॉस्ट गॅस्केट पाहिली. पुढची उड्डाणेही ६५ ते ७५ टक्क्यांत, एक तासाहून मोठी, सर्किट नाहीत, लांब आयडलिंग नाही. पहिल्या पाच तासांत चार तासांना एक क्वार्ट. दहाव्या तासाला सात तासांना एक. पंचविसाव्या तासाला अकरा तासांना एक क्वार्ट, आणि पुढे तिथेच स्थिर. खालचे प्लग कोरडे, विटकरी-करड्या रंगाचे.

पंचवीस तासांना ऑइल आणि फिल्टर बदलला. फिल्टर कापून कागदाची घडी उलगडली : चुंबकाला लागणारी केसासारखी बारीक चमक होती, तुकडे किंवा खवले नव्हते. पहिल्या बदलाला एवढे अपेक्षित असते. ऑइलच्या प्रयोगशाळा अहवालात लोह, क्रोमियम आणि सिलिकॉन जास्त आले. लोह-क्रोमियम भिंत आणि रिंगांचे, सिलिकॉन बहुधा सीलंटचे. या पहिल्या नमुन्याची तुलना पुढच्या नमुन्यांशी करायची नाही, म्हणून लॉगमध्ये तसे लिहून ठेवले.

खप स्थिर झाला तरी मिनरल ऑइल पन्नास तासांपर्यंत ठेवले, कारण बदलायची घाई नव्हती. पन्नासाव्या तासाला अॅशलेस डिस्पर्संट ऑइल पडले. मिनरलवरून डिस्पर्संटवर जाताना सुटलेला गाळ फिल्टरमध्ये येऊ शकतो, म्हणून त्यानंतरचा पहिला बदल पन्नासऐवजी पंचवीस तासांवर ठेवला. प्रोपेलरचे राहिलेले बॅलन्सिंगही त्याच वेळी उरकले.